‘गेम चालत नाही, लवकर सांगा’ हा प्रश्न झाला का?

डोंबिवली_सेमीफास्ट

परवा रात्री पावणेबाराला इथे, गेम बनवायच्या युनिटी सॉफ्टवेअरबद्दल, पोस्ट आली: "युनिटीत गेम चालत नाही. उद्या सबमिशन, अर्जंट, कुणीतरी लवकर सांगा." खाली फोटो. स्क्रीनशॉट नाही, मोबाइलने काढलेला मॉनिटरचा फोटो. वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी, खाली धुरकट कन्सोल, म्हणजे चुका दाखवणारी चौकट, आणि जी एक लाल ओळ वाचायची तिच्यावर नेमकं फोटो काढणाऱ्याच्या हाताचं प्रतिबिंब. झूम करून, फोन तिरका धरून मी दहा मिनिटं ती ओळ वाचत बसलो. "अनअसाइन्ड रेफ..." एवढंच लागलं. म्हणजे कुठलीतरी जागा रिकामी राहिलीय, पण कुठली?

मग विचारलं की आवृत्ती कुठली, एडिटरमध्येच अडतो की फोनवर, शेवटचा बदल काय केला होता. उत्तर आलं, "दादा ते सगळं नंतर, आधी सांगा ना."

आधी काय सांगू? दिवसभर ऑफिसात बग शोधून, लोकलमध्ये उभं राहून घरी आल्यावर मी इथे उत्तरं देतो, कारण मी शिकत होतो तेव्हा मलाही कुणीतरी अशीच दिली होती. पण मी तुमच्या मशीनसमोर बसलेलो नाही. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं तरी लिहा. "कॅरेक्टर नीट पळत नाही" यावर मी काहीच बोलू शकत नाही. "माझ्या 60 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर बरोबर, मित्राच्या 120 हर्ट्‌झवर दुप्पट वेगाने पळतं" असं लिहिलं की क्षणात कळतं: हालचाल अपडेटमध्ये, म्हणजे दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये आहे आणि डेल्टाटाइमने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणायचं राहिलंय.

आणि तोच प्रश्न एकाच वेळी चार ग्रुपवर टाकू नका. परवा आम्ही तिघं तीन ठिकाणी तेच विचारत बसलो होतो.

मुलुंडचा_जुना_कोडर

शंभर टक्के. मी तर उत्तरं देणंच बंद केलंय. आम्ही एकेका चुकीपायी रात्री घालवल्या, यांना तयार घास हवा. ही बालवाडी नाही. आणि युनिटीवर आहात कशाला अजून? 12 सप्टेंबर 2023 ला त्यांनी प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मागायची घोषणा केली, तेव्हाच मी सगळे प्रोजेक्ट गोडो या दुसऱ्या गेम इंजिनवर नेले. तुम्हीही न्या, निम्मे प्रश्न संपतील.

डोंबिवली_सेमीफास्ट

ती फी वर्षभरात, सप्टेंबर 2024 ला, त्यांनी रद्द केली. आणि हेही वाईटच वळण आहे. माणूस युनिटीतली एक चूक विचारतोय आणि तुम्ही त्याला घर बदलायला सांगताय. गोडोत काय रिकामी जागा रिकामी राहत नाही?

लास्टबेंच_वसई

ती पोस्ट माझी. आता ऐका.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. जे करतो ते कॉलेजच्या लॅबमध्ये. तिथे नेट नाही, पेनड्राइव्ह चालत नाही, पाचला लॅब बंद. निघताना घाईत फोटो काढला. सहा ते साडेदहा मेडिकलच्या दुकानात काम करतो, म्हणून पोस्ट रात्री. तुम्ही आवृत्ती विचारलीत तेव्हा मशीन कुलपाआड होतं आणि मला आवृत्ती पाठ नव्हती. चार ठिकाणी टाकलं कारण इथे रात्री कुणी जागं असेल याची खात्री नव्हती. आळशी म्हणा, पण आधी विचारा तरी.

डोंबिवली_सेमीफास्ट

हे एका ओळीत पोस्टमध्ये असतं तर मी चिडलो नसतो. "लॅबचं मशीन, उद्या दहापर्यंत हात लावता येणार नाही" एवढंच. बरं, फोटोचं मागे घेतो. चार ठिकाणी टाकल्याचं नाही. टाकायचंच तर बाकीच्यांना सांगा की तिकडेही विचारलंय.

पिक्सेल_परळ

अहो, पण दुसरी बाजू कुणी बोलणार की नाही? पहिल्या वर्षाला मी एका इंग्रजी ग्रुपवर प्रश्न विचारला. शब्द शोधून शोधून दोन तास लिहिला होता. पहिलंच उत्तर आलं, आधी इंग्रजी शिक. त्यानंतर दोन वर्षं मी कुठेच तोंड उघडलं नाही. जिथे अडले तिथे प्रोजेक्ट सोडून दिला. असे तीन गेम अर्धवट पडलेत. "बालवाडी नाही" म्हणणाऱ्यांमुळे किती जण गप्प बसले असतील, ते मोजताच येणार नाही.

मुलुंडचा_जुना_कोडर

मराठीत विचारून होणार काय? एरर इंग्रजीत, डॉक्युमेंटेशन इंग्रजीत. शिवाय युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोत तुमची मराठी धड दिसत तरी नाही.

पिक्सेल_परळ

माहितीये मला, त्यातच तीन आठवडे गेलेत! मेनूत "किल्ला" लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी नंतर, आणि "ल्ल" फुटून पाय मोडलेला ल वेगळा. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी अशी साठवण असते. दाखवताना ती क्रम बदलून, जोडाक्षर जुळवून दाखवावी लागते. टेक्स्टमेशप्रो ते करत नाही, आल्या क्रमाने चिन्हं मांडून मोकळं होतं.

मुलुंडचा_जुना_कोडर

मार्च 2023 ला गोडो 4 आलं, त्यात अक्षरजुळणीला हार्फबझ ही लायब्ररी आहे. टाइप करा, बरोबर दिसतं.

पिक्सेल_परळ

दीड वर्ष काम झालेला गेम फक्त वेलांटीसाठी पुन्हा लिहू? माझं ऐकून तर घ्या. शोधता शोधता एकाची जुनी पोस्ट सापडली. अगदी हाच त्रास, हीच वेलांटी, वर फोटोही. जीव भांड्यात पडला. खाली सरकले तर त्याची शेवटची ओळ: "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं, एक अक्षर नाही. मी त्याला मेसेज केला, उत्तर नाही. प्रश्न धड न विचारण्यापेक्षा मला याचा राग जास्त येतो.

डोंबिवली_सेमीफास्ट

तुमचं शेवटी सुटलं ना ताई? मग इथे कुठे लिहिलंत?

पिक्सेल_परळ

हे लागलं. नाही लिहिलं, कारण ते जुगाड आहे आणि लोक हसतील असं वाटलं.

लिहिते. युनिकोडपूर्व काळातला "शिवाजी"सारखा फॉन्ट घेतला. त्यात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टाइप करतात, म्हणजे वेलांटी आधी, मग क. त्यामुळे टेक्स्टमेशप्रोला जुळवाजुळव करावीच लागत नाही. तोटा मोठा आहे: आतला मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असतो, फॉन्ट बदलला की सगळं वाया. म्हणून मूळ मराठी मजकूर वेगळ्या फाइलमध्ये युनिकोडमध्येच ठेवलाय.

मुलुंडचा_जुना_कोडर

जुगाड आहे, मला पटत नाही. पण चालू गेम वाचवायचा असेल तर ठीक. आणि तुम्हाला मिळालं तसं उत्तर मी कधी कुणाला दिलं असेल तर चुकलं माझं. "गूगल कर" मात्र म्हणणारच, जिथे पहिल्याच पानावर उत्तर असेल तिथे. पण त्या पानाची लिंक देईन.

लास्टबेंच_वसई

सरांनी दोन दिवस वाढवून दिले. आज लॅबमधून सगळं वहीत उतरवून आणलंय.

युनिटी 2022 एलटीएस, एडिटरमध्येच. प्ले दाबल्यावर प्लेअर जागचा हलत नाही, कन्सोलमध्ये तीच लाल ओळ पुन्हा पुन्हा येते. अनअसाइन्ड रेफरन्स एक्सेप्शन, प्लेअरच्या स्क्रिप्टची 37वी ओळ. त्या ओळीत रिजिडबॉडीला, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या घटकाला, वेग देतोय. रिजिडबॉडीचा व्हेरिएबल वर पब्लिक जाहीर केलाय, बाकी कुठे काही केलेलं नाही. आधी चालत होतं, मग मी प्लेअर डिलीट करून नवीन केला.

डोंबिवली_सेमीफास्ट

शेवटच्या वाक्यात सापडलं. नव्या प्लेअरवर स्क्रिप्ट लावलीत, पण इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे गुणधर्म दिसतात त्या चौकटीत, तो रिजिडबॉडीचा रकाना रिकामा राहिला. जुन्यावर तो ओढून टाकलेला होता. उद्या नव्या प्लेअरला रिजिडबॉडी लावलाय ना ते आधी बघा, मग तो रकान्यात ओढा. किंवा अवेकमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये, गेटकंपोनंटने घ्या. स्क्रिप्ट तो स्वतःच शोधेल, म्हणजे पुन्हा प्लेअर बदलला तरी अडणार नाही.

लास्टबेंच_वसई

दुसऱ्या दिवशी लिहितोय. रकाना रिकामाच होता. अवेकमध्ये गेटकंपोनंट घातलं, प्लेअर पळतो. बाकी तीन ग्रुपवरही हेच उत्तर टाकलंय.

मुलुंडचा_जुना_कोडर

छान. परळवाल्या ताई, त्या जुन्या फॉन्टमध्ये "दुसऱ्या"तला ऱ्य कसा येतो? स्क्रीनशॉट टाका.