ओल्या ट्रॅकवर नेहमीच्याच रेषेवर पकड का सुटते?

प्रश्न : चौथा_गिअर

मी दोन वर्षांपासून आयरेसिंग या संगणकावरच्या रेसिंग सिम्युलेटरमध्ये जीटी3 वर्गातल्या रेसिंग गाड्या चालवतो. मार्च 2024 मध्ये या सिम्युलेटरमध्ये पाऊस आला, तेव्हापासून ओल्या शर्यतींतही नियमित भाग घेतो, पण एका गोष्टीचा उलगडा अजून झालेला नाही. काल इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर बेताच्या पावसात सराव करत होतो. पॅराबोलिका या शेवटच्या वळणाला नेहमीच्या खुणेच्या बरेच आधी ब्रेक लावला, वेग पुरेसा उतरवला, तरीही वळताना गाडीचे नाक आत येईना. स्टिअरिंग वळवलेलेच राहिले आणि गाडी सरळ जात राहिली. पुढच्या फेरीत चुकून दीड-दोन गाड्यांच्या रुंदीइतका बाहेर गेलो, तर तिथे तीच गाडी त्याच वेगाने निमूटपणे वळली. ज्या रेषेवर कोरड्यात सर्वांत जास्त पकड मिळते, तीच पावसात सर्वांत निसरडी कशी होते? हा गेमच्या गणितातला दोष आहे, की खऱ्या ट्रॅकवरही असेच घडते? शिवाय टायरमधील हवेचा दाब वाढवल्याने काही फरक पडतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : ओली_रेषा

हा दोष नाही. खऱ्या ट्रॅकवरही असेच घडते. रेसिंग लाईनवरून, म्हणजे वळणातून सर्वांत वेगाने जाण्याच्या नेहमीच्या रेषेवरून, शेकडो फेऱ्या झाल्यावर टायरचे रबर डांबराच्या बारीक खड्ड्यांत बसते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कोरड्यात रबरावर रबर चिकटते, म्हणून पकड वाढते. पण त्याच थरावर पाण्याचा पापुद्रा आला की टायरला रुतायला खरखरीतपणा उरत नाही. लाईनच्या बाहेरचे डांबर अजून खडबडीत असते, खडीची टोके पाण्याच्या वर राहतात आणि टायर त्यांना धरू शकतो. म्हणूनच पावसात चालक वळणाच्या बाहेरून जातात, ब्रेक शक्यतो गाडी सरळ असतानाच लावतात, नेहमीची लाईन तिरकी ओलांडून उशिरा वळतात आणि गाडी पुन्हा सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. पॅराबोलिका बाहेर पडताना मोकळे होत जाते, त्यामुळे तिथे रुंद गेल्याचा तोटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र चाक अजिबात नेऊ नका.

एक फरक हातांनी ओळखायला शिका. रबराच्या थरावर गाडी घसरते तेव्हा स्टिअरिंगचा हाताला जाणवणारा जोर हळूहळू कमी होतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला, म्हणजे ॲक्वाप्लेनिंग झाले, की तो जोर क्षणात नाहीसा होतो आणि चाक पलीकडे जमिनीला लागताच झटका देऊन परत येतो. त्या क्षणी स्टिअरिंग आणखी वळवले, तर पकड परतल्यावर गाडी आतल्या बाजूला झेप घेते. माझे निम्मे अपघात याच चुकीमुळे झाले. हात स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर अलगद सोडणे एवढेच करायचे.

दाबाविषयी सांगायचे तर, टायर ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो तो वेग दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दाब दहा टक्क्यांनी वाढवला तरी तो वेग सुमारे पाच टक्क्यांनीच वाढेल. फायदा आहे, पण डबके टाळण्याला तो पर्याय नाही.

उत्तर : सखल_भाग

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण 'पावसात नेहमी बाहेरून' हा नियम म्हणून पाठ करू नये. पाणी उताराकडे वाहते. ट्रॅकचा उतार ज्या बाजूला असेल तिकडे ते साचते, आणि जोराच्या पावसात ती बाजू बाहेरची असेल तर तिथली खडबडीत खडीही पूर्ण बुडते. अशा वेळी रबराची निसरडी रेषा परवडली. पाऊस थांबल्यावर चित्र पुन्हा पालटते: गाड्यांची चाके लाईनवरचे पाणी बाजूला फेकतात, तिथे आधी ओलसर आणि मग कोरडी पट्टी तयार होते, आणि काही फेऱ्यांपूर्वी वर्ज्य असलेली रेषाच पुन्हा वेगवान ठरते. प्रत्येक फेरीत एखाद्या वळणावर अर्धी गाडी आत किंवा बाहेर घालून पाहणे, हाच मला सापडलेला एकमेव खात्रीचा उपाय आहे.

जीटी3 मध्ये ओलसर ट्रॅकसाठीचा मधला टायर नसतो, स्लिक (कोरड्यासाठीचा, खाचा नसलेला) किंवा वेट (पावसाचा, खाचांचा) एवढेच. त्यामुळे कोरडी पट्टी दिसू लागल्यावर वेट टायर झपाट्याने तापतात. सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या भागातून गाडी नेऊन ते थंड ठेवता येतात.

उत्तर : मागचा_दिवा

पकडीबरोबर दृष्टीचाही विचार करा. टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या माहितीनुसार फॉर्म्युला वनचा पूर्ण वेट टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी बाहेर फेकतो. ते सगळे मागच्या चालकाच्या डोळ्यांसमोर उडते. 2021 ची बेल्जियन ग्रांप्री, सर्वांचा वेग रोखून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या होऊन संपली, आणि त्यामागे न दिसणे हे मोठे कारण होते. सिम्युलेटरमध्येही समोरच्या गाडीच्या फवाऱ्यात ब्रेकिंगचा फलक दिसत नाही. म्हणून खुणा ट्रॅकच्या कडेला, जवळ शोधा: कर्बची सुरुवात, डांबराचा बदललेला रंग. समोरच्याच्या थेट मागे न राहता अर्धी गाडी बाजूला राहिलात, तर काचही लवकर स्वच्छ होते.

चौथा_गिअर

सर्वांचे मनापासून आभार. आज त्याच पावसात वीस फेऱ्या मारल्या. पॅराबोलिकाला बाहेरून जाऊन उशिरा वळलो, तर एकदाही नाक सुटले नाही. पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांना) मात्र बाहेर पाणी साचले होते आणि तिथे स्टिअरिंग क्षणभर पूर्ण रिकामे झाले, अगदी वर लिहिल्याप्रमाणे. हात स्थिर ठेवले. गाडी ट्रॅकवरच राहिली.