रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स सारखा बंद-चालू होतोय, आतलं रेकॉर्डिंग वाचवायचंय

कराडकरीण
नमस्कार मंडळी. आईकडे डिशचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे, आत हार्ड डिस्क असलेला, दहा-बारा वर्षांचा जुना. आठवडाभर असं चाललंय: लाल दिवा लागतो, हिरवा होतो, डिस्क फिरायला लागल्याचा घूंऽऽ आवाज येतो आणि तेवढ्यात सगळं बंद. पाच सेकंदांनी पुन्हा लाल. तासभर तसाच धडपडत ठेवला तर कधीतरी सुरू होतो.

कंपनी म्हणते, नवीन बॉक्स देतो, जुना परत करा. पण त्यात बाबांच्या भजनी मंडळाचा सह्याद्रीवर झालेला कार्यक्रम आहे. वीस मिनिटांचा. बाबा मागच्या रांगेत टाळ घेऊन बसलेत आणि एका अभंगात कॅमेरा बराच वेळ त्यांच्यावर थांबतो. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आई दर एकादशीला ते लावते.

डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, सोल्डरिंग येतं मला. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर फाइल कॉपी होईल का?

रातकिडा
नका लावू. रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलेलं असतं, त्याच बॉक्सशी आणि कार्डाशी बांधलेलं. कॉम्प्युटरवर चालणार नाही. वर विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करू का?' चुकून हो म्हणालात तर सगळं गेलं. बॉक्सच दुरुस्त करायला हवा.

जुना टीव्हीवाला
ताई, आधी एक करा, तो तासभर धडपडत ठेवणं आजच थांबवा. दर खेपेला डिस्क उठते आणि वीज तुटते. त्याने चांगली डिस्कही मरेल.

आवाज घूं असा आहे ना? टक्-टक् नाही ना? मग डिस्क बहुतेक ठीक आहे, दुखणं पॉवर सप्लायचं. साडेतीन इंची डिस्क उठताना १२ व्होल्टवर जवळजवळ २ अँपिअर खेचते, एकदा फिरू लागली की त्याच्या पाव-तिजाई हिश्शावर भागतं. सप्लायचे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून व्होल्टेज टिकवणारे भाग) सुकले असतील तर त्या एका धक्क्याला व्होल्टेज बसतं आणि बॉक्स रीसेट होतो. तासभराने सुरू होतो म्हणता, म्हणजे गरम झाल्यावर, ती सुकलेल्या कपॅसिटरचीच खूण.

मीटर १२ व्होल्टवर लावून डिस्क उठताना बघा. साडेदहाच्या खाली गेला तर चोर सापडला. फक्त प्रोब प्लग काढलेला असताना पक्के लावा, चालू बोर्डात हात घालू नका. आउटपुटच्या बाजूचे कपॅसिटर बघा, डोकं फुगलेलं असेल तर बदला, पण सपाट दिसणारेही सुकलेले असतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले. पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. उंची मोजून घ्या, नाहीतर झाकण बसत नाही.

आणि हे दोनदा वाचा. इनपुटकडचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्ट धरून असू शकतो. होल्डरला तारा जोडून १०० वॅटचा साधा, फिलामेंटचा बल्ब (एलईडी नको) त्याच्या दोन टोकांना लावून रिकामा करा, मीटरने शून्य बघा, मगच हात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

रातकिडा
रिचार्जही संपू देऊ नका. काही बॉक्समध्ये वर्गणी बंद झाली की जुनं रेकॉर्डिंगही लागत नाही. आणि बॉक्स भाड्याचा की विकतचा, ते उघडण्याआधी बघा.

कराडकरीण
विकतचा आहे, बिल सापडलं. मग उघडला. काका, अगदी तुम्ही सांगितलं तसंच! डिस्क उठताना ९.४ व्होल्ट. १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन फुगलेले. भाऊ पुण्यात असतो, त्याने तपकीर गल्लीतून २५ व्होल्टचे पाठवले होते. जाडीला जरा मोठे, एक थोडा तिरका बसवावा लागला. आता डिस्क उठताना ११.७.

पहिल्या खेपेत सुरू झाला. दुसरं काही न बघता बाबांचा कार्यक्रम लावला आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही पिनांतून कॅप्चर कार्डाने लॅपटॉपवर घेतला. आई स्वयंपाकघरात होती. टाळ ऐकून पिठाच्या हातांनीच बाहेर आली, शेवटपर्यंत उभी होती.

एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक भावाकडे.

जुना टीव्हीवाला
छान केलंत, ताई. त्याच ओळीत बारका ४७० मायक्रोफॅरडचा असेल, तोही बदला. दोघे गेले म्हणजे तोही तेवढाच तापलाय.

कराडकरीण
आहे, ४७० चाच आहे. रविवारी बदलते, काका.