वाचनालय पुन्हा उभं करायचं, तर आधी काय थांबवायचं?

प्रेषक: एक सभासद, न्यू जर्सी

सर्व बडोदेकरांना नमस्कार,

दिवाळीत माहेरी आले होते तेव्हा आपल्या वाचनालयात जाऊन आले. टेबलावर त्या दिवशीची वर्तमानपत्रं होती, कपाटांना कुलपं होती आणि भर संध्याकाळी वाचायला कुणी नव्हतं. शाळेत असताना खुर्ची मिळावी म्हणून आम्ही तिथे धावत जायचो. इथे आम्ही काही जणांनी ठरवलंय की रक्कम उभी करायची. रंगरंगोटी, संगणक, नवी पुस्तकं, जे लागेल ते करू. चिटणीसताई, अंदाजपत्रक पाठवाल का?

प्रेषक: चिटणीस, दांडिया बाजार, बडोदा

ताई, तुमचा मेल वाचून धीर आला. तरीही अंदाजपत्रक आत्ता पाठवत नाही. का ते सगळ्यांसमोरच लिहिते.

आपली संस्था पैशांवाचून अडलेली नाही. हॉलचं भाडं येतं, ठेवींचं व्याज येतं. त्यात वीजबिल, शिपायाचा पगार, वर्तमानपत्रं भागतात. सगळं भागतं, म्हणून काही बदलायची निकड कुणाला वाटत नाही. गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, व्याख्यानमाला, सर्वसाधारण सभा. मागच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका काढायची आणि तारखा बदलायच्या. कार्यकारिणीच्या बैठकीत हॉलच्या गळतीवर तासभर बोलणं होतं. वाचकांचा विषय शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये येतो, तोवर निम्मे लोक उठलेले असतात.

परवा ग्रंथपालांबरोबर बसून देवघेवीचं रजिस्टर मागून पुढे वाचत गेले. नावं तीच तीच, पत्ते रावपुरा, दांडिया बाजार, खारीवाव रोड. दिवाळी अंकांच्या दिवसांत पानं गच्च भरलेली, नंतर एकेका पानावर तीन-चार ओळी. मांजलपूर, मकरपुरा, गोत्री, वाघोडिया रोड हे पत्ते शोधावे लागतात. नोकरीसाठी बडोद्यात आलेली मराठी कुटुंबं मात्र तिकडेच राहतात. त्यांची मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात आहेत. हिंदीमुळे देवनागरी वाचतात, पण मराठी गोष्टीचं पुस्तक त्यांच्या हातात पडत नाही. शाळा, क्लास आटोपून मांजलपूरहून दांडिया बाजारात यायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि एक पुस्तक घेऊन परत जायचं, हे कुठल्या आईला जमेल? नवे संगणक आणून बसवले तरी ती येणार नाही.

म्हणून आधी तीन वर्षांचा आराखडा करू या. आपण कुणासाठी आहोत हे त्यात एका वाक्यात लिहिलेलं असावं. माझ्या मते ते वाक्य असं: बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरातल्या मुलाच्या हाती मराठी पुस्तक. या वाक्याला धरून नसलेलं काम तीन वर्षं बाजूला ठेवायचं. उरलेल्या प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘समिती पाहील’ असं लिहिलेलं काम आजवर कुणी पाहिलेलं मला तरी आठवत नाही.

याचा धडा आपल्याच गावात आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना ग्रंथालयांसाठी बोलावलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला त्या काळच्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. वाचक शहरात येण्याची वाट न पाहता पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. आणि गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग तेवढाच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालायचा. दरबाराला सगळा खर्च झेपला असता, तरी अट होती. ज्याने वाटा उचलला तो ते वाचनालय बंद पडू देत नाही.

आपणही तसंच करू. पहिला वाटा इथल्या सभासदांचा: वर्गणी आणि महिन्यातला एक रविवार. दुसरा संस्थेच्या व्याजातून. हे दोन जमले की तिसरा तुमच्याकडे मागेन.

प्रेषक: एक आजीव सभासद, टोरांटो

चि. चिटणीसबाई, अनेक आशीर्वाद. पेट्यांची कल्पना उत्तम. पण ‘बाजूला ठेवायचं’ यात व्याख्यानमाला येत असेल तर माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने ती स्वतःच्या खिशातून चालवली. श्रोते कमी आले म्हणून ती बंद करायची?

प्रेषक: चिटणीस, बडोदा

काका, तुमचं दुःख समजतं. ती पिढी श्रोते जमवायला घरोघर जायची. आज आपण फलकावर एक कागद लावतो आणि वक्त्याला रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं करतो. तीन दिवसांच्या व्याख्यानमालेच्या तयारीत आमची काम करणारी चार-पाच माणसं दोन महिने अडकतात, आणि पेट्या घेऊन जायलाही हीच माणसं आहेत. दोन्ही होणार नाही. दोन वर्षं थांबू. पेट्यांतून नवे वाचक जोडले गेले की व्याख्यानमाला त्यांच्या भागात घेऊ. तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेते.

प्रेषक: खजिनदार, बडोदा

पैशांबद्दल थोडं. बँकेत सही करणाऱ्या दोघांपैकी एक विश्वस्त वारले. नव्या विश्वस्ताचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) धर्मादाय कार्यालयात मंजूर नसल्याने बँक नवी सही घेत नाही. कायद्याप्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. आराखड्यातलं पहिलं काम हेच आणि ते माझ्या नावावर लिहा.

दुसरं, परदेशातून रक्कम पाठवण्याआधी कृपया थांबा. पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकेचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगी होते, मग रुपयांत दिली तरीही. त्यासाठी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. एवढं काम आपण केलेलंच नाही.

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

माझा पासपोर्ट आता अमेरिकन आहे. म्हणजे मी काहीच करू शकत नाही का?

प्रेषक: चिटणीस, बडोदा

ताई, तुमच्यासाठी मोठं काम आहे. आपली दाखलनोंद रजिस्टरं हाताने लिहिलेली आहेत, काही पानांची शाई उडत चालली आहे. मुलांसाठीची पुस्तकं किती आणि कोणत्या कपाटात, हे आज फक्त ग्रंथपालांना पाठ आहे. यादी असल्याशिवाय पेट्या भरता येत नाहीत. आम्ही पानांचे फोटो टाकतो. तुम्ही तिकडे बसून टाइप करून द्या. मोडी वळणाचं एखादं अक्षर लागलं नाही तर टोरांटोच्या काकांना विचारा, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

काल कार्यकारिणीने आराखडा मान्य केला. व्याख्यानमाला दोन वर्षं स्थगित, एक मत विरोधात. पहिल्या दोन पेट्या मांजलपूर आणि गोत्रीला जातील. दोन्हीकडे एकेका कुटुंबाने दिवाणखान्यातली जागा दिली आहे. दर तीन महिन्यांनी किती पुस्तकं फिरली, किती मुलांनी नेली आणि कोणती कामं राहिली, ते याच मेलच्या यादीवर सगळ्यांना लिहीन. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी देणगीबद्दल खजिनदारांना कळवावं, पण इथला वाटा जमल्याचं मी लिहीन तेव्हाच पाठवावी. टाइप करायला कोण कोण बसणार, त्यांनी रविवारपर्यंत सांगावं, म्हणजे पानं वाटून देता येतील.