बी विंग ग्रुप : लिफ्टवरून सुरू झालेला शिष्टपणाचा विषय

बी-702 : आज सकाळी आमच्या मावशींना लिफ्टमधून उतरवलं. हातात बादली आणि फडकं होतं म्हणून. ओढणी नाकाला लावून नुसतं बोटाने बाहेर दाखवलं, तोंडातून शब्द नाही. दुसरी लिफ्ट गणपतीपासून बंद आहे हे सगळ्यांना माहितीये, मावशी गुडघे धरत सात मजले चढून आल्या. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. इतका शिष्टपणा बरा नव्हे

बी-1104 : ताई, टोमणे मारण्यापेक्षा सरळ फोन करायचा. घोडबंदरला ट्रॅफिक किती असतो, मला उशीर होत होता, त्यात बादलीतलं पाणी सांडत होतं. शिष्ट वगैरे शब्द इथे वापरू नका प्लीज

बी-702 : फोन केलेला, दोनदा

बी-201 सर : शिष्ट शब्द मूळचा वाईट नाही. शास् धातूपासून आलाय, शिष्य, शासनसुद्धा त्यातूनच. पतंजलींनी महाभाष्यात शिष्ट कोण ते सांगितलंय, मडक्यात मावेल एवढंच धान्य साठवणारे, लोभ नसलेले. शिष्टाचार, शिष्टमंडळ यात तो अर्थ टिकला. पण बोलताना आपण "फार शिष्ट आहे हो" म्हणतो तेव्हा तो माणूस आपल्याला खालचा समजतो असंच म्हणायचं असतं

बी-603 : मडकंभर धान्यवाले शिष्ट, मग दोन-दोन पार्किंग अडवणारे कोण सर 😄

बी-405 : पार्किंगचा विषय इथे नको

बी-603 : तुम्हाला का लागलं?

बी-702 : मुद्दा लिफ्टचा आहे!!

बी-302 आजी : आमच्या साताऱ्याकडे याला सरळ माज म्हणतात. (नातू टाइप करतोय)

बी-201 सर : आजी, माज गुरांना येतो, म्हैस माजावर येते. आढ्यता म्हणा. आढ्य म्हणजे श्रीमंत, धनाढ्यमधला

बी-302 आजी : म्हशींचं मला नका शिकवू सर, गोठ्यात जन्म गेला

बी-1104 : वा, आता म्हशीपर्यंत गेलात. मेंटेनन्स आम्ही पण भरतो. मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणून ओढणी लावते

बी-405 : अ‍ॅलर्जी असू दे हो, पण तोंडाने सांगायला काय झालं? उर्मट माणूस निदान तोंडावर बोलतो, त्याला उलट उत्तर देता येतं. इथे समोरच्याला जमेतच धरत नाही, मग मावशींनी बोलायचं कोणाशी

बी-508 : आमच्या ह्यांना पण मागे कोणीतरी शिष्ट म्हणालेलं. ते तुसडे आहेत, शिष्ट नाहीत. सगळ्यांशीच तसे वागतात, सेक्रेटरींशी पण. शिष्ट लोक माणूस बघून वागतात, चेअरमन दिसले की लिफ्ट धरून ठेवतात

बी-603 : 😂😂 वहिनी

बी-702 : परत लिहिते, मुद्दा लिफ्टचा आहे. मावशींनी जिन्याने का यायचं?

सेक्रेटरी : सर्वांना नम्र विनंती, वैयक्तिक बोलू नये. कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये असा आपल्याकडे कोणताही नियम नाही. दुसऱ्या लिफ्टच्या मोटरचं कोटेशन रविवारी मीटिंगला ठेवतो

बी-405 : कोटेशन गेल्या मीटिंगला पण ठेवणार होतात

बी-1104 : हा मेसेज डिलीट केला

बी-702 : वाचला मी. असो. सेक्रेटरी काका, नियम नाही हे लिफ्टच्या दाराशी सही-शिक्क्यानिशी लावा. नुसतं इथे लिहून काय उपयोग, मावशी या ग्रुपवर नाहीत

सेक्रेटरी : उद्या लावतो 🙏