आफ्रिकेतली वाढ शेवटच्या घरापर्यंत पोचते का? नाम्पुलाची तूर आणि एक जुना वाद

मुक्काम_नाम्पुला

उत्तर मोझांबिकमधल्या नाम्पुला शहरात राहून मी चार हंगाम तूर खरेदीचं काम केलं. आता पुण्यात असतो. परवा एका जुन्या मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, आफ्रिकेतले कितीतरी देश सहा-सात टक्क्यांनी वाढलेत, म्हणजे तिथल्या गरिबांचं भलं होणारच, त्यात चर्चा कसली? मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगतो, आणि इथल्या जाणकारांनी मला खोडून काढावं.

मोझांबिकमधली यादवी 1992 साली थांबली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं देशाची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढत होती. 1996-97 च्या घरोघरच्या पाहणीत शंभरातली 69 माणसं दारिद्र्यरेषेखाली होती, 2002-03 मध्ये 54. इथवर मित्राचं म्हणणं खरं. पण 2008-09 ची पाहणी आली तेव्हाही आकडा 54 च्या वरच होता. मधल्या सहा वर्षांत वाढीचा दर काही कमी झाला नव्हता. मग ती वाढ गेली कुठे?

काही भाग राजधानी मापुतोजवळच्या मोझालमध्ये दिसतो. हा ॲल्युमिनियमचा कारखाना 2000 साली सुरू झाला. कच्चा माल बोटीने बाहेरून यायचा आणि तयार धातू बोटीनेच बाहेर जायचा. त्याने देशाच्या निर्यातीचे आकडे एकदम फुगले, पण कायम नोकऱ्या मिळाल्या हजार-अकराशे. नाम्पुला तिथून रस्त्याने दोन हजार किलोमीटर. 2010 च्या सप्टेंबरात त्याच मापुतोत पावाचा भाव वाढला म्हणून लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दहाहून अधिक माणसं गेली, आणि सरकारने भाववाढ मागे घेतली. आकड्यांत देश आफ्रिकेतल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्यांपैकी होता.

तुरीचं मात्र वेगळं झालं. 2015 मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती, आठवत असेल. त्याचा उजेड नाम्पुलाच्या खेड्यात पडला. काजूच्या झाडाला ताणकाटा टांगलेला, खाली मुलं आणि कोंबड्या, आणि बायका डोक्यावर डबा घेऊन ओळीने उभ्या. डब्यातली तूर पोत्यात ओतायची, पोतं काट्याला लावायचं, आणि काटा थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. किलोला तीस मेटिकलच्या (मेटिकल हे तिथलं चलन) पुढे भाव होता. त्या वर्षी गवताच्या छपरांवर पत्रे आलेले मी पाहिले. एका बाईने सायकल घेतली आणि ती चालवता येत नसताना दोन किलोमीटर हातात धरून घरी नेली.

पण त्याच गावात एक म्हातारी होती. मुलगा आणि सून दोघंही वारलेली, चार नातवंडं पदरात. जमीन होती, कसायला हात नव्हते. ती तूर लावत नव्हती, थोडा कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) लावायची आणि उरलेल्या वर्षाचा मका विकत घ्यायची. गावात पैसा आला तसा मकाही महागला. तिच्याकडे वाढ आली ती याच रूपात.

माझं म्हणणं एवढंच. वाढ कोणाच्या शेतातून आणि कोणाच्या हातातून आली, ते आधी विचारा. टक्केवारी त्यानंतर.

अर्थमित्र

लेख आवडला, निष्कर्ष मान्य नाही.

तुम्ही मोझांबिकची सहा वर्षं घेतलीत, पुढची घ्या. 2016 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारी कंपन्यांनी सरकारच्या हमीवर घेतलेली लपवलेली कर्जं उघड झाली. जुनी-नवी मिळून दोन अब्ज डॉलरच्या घरात. देणगीदार देशांनी अंदाजपत्रकाला होणारी थेट मदत थांबवली, चलन कोसळलं, वाढीचा दर निम्म्यावर आला. आणि त्यानंतरच्या पाहणीत गरिबी मोठ्या प्रमाणात वाढली. वाढीचा गरिबांशी संबंध नसता, तर ती थांबल्यावर त्यांना एवढी झळ का लागली असती?

दुसरं, इथिओपिया. तिथे ना तेल, ना हिऱ्याच्या खाणी. 1995-96 मध्ये शंभरातली साडेपंचेचाळीस माणसं तिथल्या रेषेखाली होती, 2015-16 मध्ये साडेतेवीस. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं 2000 मध्ये हजारी 166 होती, 2016 मध्ये 67. हे कसं झालं? 2003 पासून सरकारने खेड्यातल्या दहावी झालेल्या मुलींना वर्षभराचं शिक्षण देऊन पगारी आरोग्यसेविका नेमलं, एका वस्तीला दोन, मिळून तीस हजारांच्या वर. परदेशी मदतही होती, मान्य. पण वर्षानुवर्षं पगार द्यायचा तर तिजोरीत भर पडावीच लागते, आणि वाढ नसेल तर ती भर येत नाही.

झांबियातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारा वाढ नसण्याचा अर्थ. 1975 च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला आणि पुढची वीस वर्षं दरडोई उत्पन्न घसरतच गेलं. दवाखान्यात औषध नाही, शाळेत मास्तर नाही. डॉलर आणि क्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये बऱ्याच देशांचे आकडे तपासून दाखवलं होतं की तळच्या वीस टक्क्यांचं उत्पन्न साधारण देशाच्या सरासरीबरोबरच वाढतं. तुमची म्हातारी मला दिसते, पण तिच्याकडे बोट दाखवून वाढीवरच शंका घेणं हे तिच्याच विरोधात जाणारं आहे.

डॉ_सुमेधा

अर्थमित्र, तुम्ही इथिओपिया काढलात म्हणून लिहिते, कारण सार्वजनिक आरोग्याच्या कामात मी ते आकडे वर्षानुवर्षं हाताळले आहेत.

साडेपंचेचाळीसवरून साडेतेवीस हे खरं, आणि ते मोठं यश आहे. पण जागतिक बँकेच्याच अहवालांत आणखी एक ओळ आहे. 2005 नंतर इथिओपियातल्या सर्वांत तळच्या दहा टक्के लोकांचा खर्च, म्हणजे खाणंपिणं, कपडालत्ता सगळं धरून, वाढलाच नाही. रेषेच्या जवळची माणसं वर गेली, तळची तिथेच राहिली. कारण अगदी मुक्काम_नाम्पुला यांच्या म्हातारीचंच. धान्याचा भाव चढला की ज्याच्याकडे विकायला धान्य आहे त्याचं भलं होतं. ज्याचं शेत दोन-तीन महिन्यांचं पीक देतं त्याला उरलेलं वर्ष विकत घ्यायचं असतं.

तळच्या लोकांना जे मिळालं ते 2005 मध्येच सुरू झालेल्या सुरक्षा योजनेतून. आपल्या रोजगार हमीसारखी ती आहे. तुटीच्या महिन्यांत बांधबंदिस्तीची, रस्त्याची कामं, मोबदला धान्यात किंवा रोख, आणि ज्या घरात काम करायला कोणीच नाही त्याला कामाशिवाय थेट मदत. ती शेवटची तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाढ तळच्या दारापर्यंत चालत जात नाही, तिला हाताला धरून न्यावं लागतं.

आणखी एक. आपण सगळे "गरीब घर" म्हणतोय. ब्राउन, राव्हालियन आणि व्हॅन दे वाले या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या तीस देशांच्या पोषणाच्या पाहण्या तपासल्या. कुपोषित बायका आणि मुलांपैकी साधारण तीन-चतुर्थांश सर्वांत गरीब वीस टक्के घरांत नव्हतीच, ती इतर घरांत होती. घर वर गेलं म्हणजे त्यातली सून आणि मुलगी वर गेली असं होत नाही. सायकल घेतलेल्या त्या बाईच्या घरी धाकट्या मुलीच्या दंडाचा घेर, ज्यावरून मुलांचं कुपोषण ओळखतात, तो कोणी मोजला होता का? हा दोष काढत नाहीये, खरंच विचारते आहे.

नैरोबीकर

वीस वर्षांपासून इथे आहे. थोडक्यात लिहितो.

वाढ "पोचत नाही" असं सरसकट म्हणू नका, पोचायला वाट लागते. 2007 मध्ये एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, सुरू झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पूर्वी गावी आईला पैसे पाठवायला बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायच्या आणि ते पोचलं की नाही हे कळायला आठवडा जायचा. आता संध्याकाळी भाजी चिरता चिरता पाठवतात आणि पाच मिनिटांत आईचा फोन येतो. सुरी आणि जॅक यांच्या 2016 च्या अभ्यासात केनियातली 1,94,000 घरं यामुळे गरिबीतून वर आल्याचं मांडलं आहे, आणि त्यात बाई कर्ती असलेल्या घरांना फायदा जास्त. नैरोबीची वाढ तिकडे पश्चिमेला काकामेगाच्या झोपडीत जाते ती अशी.

आकडे_तपासा

दोन्ही बाजूंनी आकडे फेकण्याआधी हे लक्षात घ्या. 2010 मध्ये घानाने हिशेबाचं आधारवर्ष बदललं आणि राष्ट्रीय उत्पन्न साठ टक्क्यांनी मोठं निघालं. 2014 मध्ये नायजेरियाने तेच केलं, एकोणनव्वद टक्के वाढ, आणि देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला. त्या रात्री लागोसमध्ये कोणाच्या पातेल्यात मूठभर गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) जास्त शिजली नव्हती. त्यामुळे वाढदरावर बेतलेला कोणताही दावा, बाजूचा असो वा विरोधातला, जरा हळूच घ्यावा. घरोघरी जाऊन गेल्या सात दिवसांत काय खाल्लं हे विचारणारी पाहणी त्यापेक्षा भरवशाची, पण ती पाच-सहा वर्षांतून एकदा होते.

आणि सहारापलीकडच्या आफ्रिकेचं एकच कोष्टक बघा. 1990 मध्ये अतिगरीब 54 टक्के, 2015 मध्ये 41 टक्के. माणसं मोजली तर 27.8 कोटींवरून 41.3 कोटी. अर्थमित्र पहिली ओळ वाचतील, डॉक्टर दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत.

औशाचा_शेतकरी

मी लातूर जिल्ह्यातला. वाचत होतो, राहवलं नाही.

तुम्ही सगळे तिकडच्या गरिबाचं बोलताय, चांगलंच आहे. पण 2016-17 ला आमच्याकडे विक्रमी तूर झाली. हमीभाव 5050, बाजारात त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून आठ-आठ दिवस ट्रॅक्टर उभे. मी स्वतः चार रात्री ट्रॉलीखाली झोपलोय. त्याच वेळी बंदरात बाहेरची तूर उतरत होती. मोझांबिकशी सरकारने 2016 च्या जुलैमध्ये करारच केला होता, वर्षाला लाखावर टन घ्यायचा. तिकडे पत्रे आले त्याचे पैसे आमच्या भावातून गेले, हे कोणी तरी लिहायला पाहिजे. त्यांच्या गरिबीवर उपाय म्हणून आमच्या शेतकऱ्याला खाली दाबणार का?

अर्थमित्र

दादा, 2015 मध्ये डाळ दोनशेवर गेली तेव्हा शहरातल्या मजुराने काय करायचं होतं? आयात तेव्हा गरजेची होती. चूक झाली ती वेळेची. पीक भरघोस येणार हे पेऱ्यावरून दिसत असताना दार उघडं ठेवलं.

डॉक्टर, तळच्या दहा टक्क्यांचा मुद्दा मी मान्य करतो, तो माझ्या मांडणीत नव्हता. पण ती सुरक्षा योजना चालवायलाही पैसा लागतो, या मुद्द्यावरून मी हटणार नाही. आणि त्यात देणगीदारांचा वाटा मोठा आहे. ते उद्या थांबले तर देशाच्या स्वतःच्या वाढीशिवाय कोण धरणार हाताला?

मुक्काम_नाम्पुला

सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

अर्थमित्र, 2016 नंतरच्या घसरणीचा तुमचा दाखला वजनदार आहे, मी नाकारत नाही. फक्त तेवढ्यात दुसरंही घडलं. 2017 च्या ऑक्टोबरपासून उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात हिंसाचार, 2019 च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळ, महिन्याभरात केनेथ. सगळं कर्जाच्या माथी मारता येणार नाही. पण वाढ थांबली की तळाला आधी लागतं, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणूनच मला खटकतं की चढताना तळाचा नंबर शेवटचा आणि उतरताना पहिला.

सुमेधाताई, दंड कोणी मोजला नव्हता. मी धान्य मोजायला गेलो होतो, मुलं मोजावीत हे मनात आलं नाही. त्या घरी जेवलो होतो. मक्याची शिमा, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वर थोडा पाला. घरधन्याला आणि मला सुकी मासळी वाढली होती, बाईने आणि मुलींनी मागे चुलीपाशी खाल्लं. त्यांच्या ताटात काय होतं ते मी पाहिलं नाही. तुम्ही विचारल्यापासून तेच डोक्यात आहे.

औशाचे दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि पुढचं तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. तुमच्याकडे भाव पडला, आरडाओरड झाली, आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. कराराचा माल त्यातून वगळला होता, पण बाजार असला बारीक फरक करत नाही. ऑगस्ट म्हणजे तिकडे तूर नुकतीच निघायला लागते. मी काट्यापाशी बसलो होतो आणि फोनवर मला नवा भाव कळवला गेला, पाच-सहा मेटिकल. तोच भाव मला त्या ओळीला सांगायचा होता. पहिल्या बाईला वाटलं मी आकडा चुकीचा बोललो. तिने मला तो पुन्हा म्हणायला लावला, पोर्तुगीजमध्ये, मग शेजारणीकडून मखुवा या तिथल्या भाषेत. मग डबा डोक्यावर घेतला आणि गेली. तिच्यामागे अख्खी ओळ मोडली.

तिथली माणसं तूर फारशी खात नाहीत, ती पिकवायची विकण्यासाठी. त्या वर्षी बऱ्याच घरांत ती पोत्यातच राहिली आणि किड्याने खाल्ली. तुम्ही चार रात्री ट्रॉलीखाली काढल्यात, दादा. त्यांना हमीभाव नव्हता, केंद्र नव्हतं, ओरडायला आमदार नव्हता.

म्हातारीचं राहिलं. मजुरीला तिकडे गान्यू-गान्यू म्हणतात, दुसऱ्याच्या शेतात कोळपायचं आणि बदल्यात मका किंवा थोडे पैसे घ्यायचे. तुरीच्या चांगल्या वर्षात तिचा थोरला नातू, बारा-तेरा वर्षांचा, शाळा सोडून गान्यू-गान्यूला जायचा. म्हणजे वाढ तिच्या घरी आली होती, मी आधी चुकीचं लिहिलं. पोराच्या हातून आली होती. भाव पडल्यावर त्याला कोणी कामाला बोलावेना. वृद्धांसाठी सरकारचं एक मासिक अनुदान तिथे आहे, तिचं नाव यादीत होतं असं गावचा मुखिया सांगायचा. मी असेपर्यंत तिला ते दोनदा मिळालं.