मुलांना घेऊन वर्षातून एकदा शहरात जातो, पण दरवेळी दमछाक होते. तुम्ही कसं जमवता?

दोन_वेण्या:
नमस्कार मंडळी. दरवर्षी सुट्टी लागली की आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि चार पोरं असं सगळं लटांबर एक दिवस शहरात जातं, सकाळी लवकर निघायचं आणि रात्री परत. पोरांची वयं ४, ७, ११ आणि १४. म्युझियम, प्राणीसंग्रहालय, बाग, मग खरेदी, हे ठरलेलं. आणि दुपारी चारच्या सुमाराला धाकटी भर रस्त्यात बसकण मारते हेही ठरलेलं, सात वर्षांचा गाडीत ओकतो, थोरला मोबाईलमधनं मान वर काढत नाही आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांवर खेकसत असतो. सासूबाई म्हणतात जाताच कशाला मग. पण पोरं वर्षभर वाट बघतात हो, नाही म्हणवत नाही. अजून एक, गर्दीत मूल हरवायची मला जाम भीती वाटते, त्याबद्दल पण कुणीतरी लिहा प्लीज.

काजवा:
ताई, एका दिवसात चार ठिकाणं?? तुमचं एक पाऊल म्हणजे तिची जवळजवळ दोन, म्हणजे तुम्ही जेवढं चाललात त्याच्या दुप्पट पावलं ती पोर टाकून बसलीये, चारला बसली तर नवल काय. म्युझियममध्ये तर मोठी माणसंही गळतात. १९१६ साली बॉस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन नावाच्या माणसाने यावर लेखच लिहिला होता 'म्युझियम फटीग' म्हणून, एका माणसाला वस्तू नीट बघायला आणि पाट्या वाचायला किती वाकावं लागतं, मान वाकडी करावी लागते त्याचे फोटो काढून. धाकटीच्या उंचीवर एकदा गुडघ्यावर बसून बघा, बऱ्याच ठिकाणी शोकेसची कडा नि मोठ्यांचे पाय एवढंच दिसतं. त्यामुळे एकच मोठं ठिकाण घ्या आणि तेही सकाळी, पोरं ताजी असताना. दुपारी बाग, जिथं नुसतं लोळलं तरी चालतं. आणि निघायच्या आधी सुट्टीचा वार बघा, बरीच म्युझियमं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, गेटवर जाऊन कळलं की पोरांची तोंडं बघवत नाहीत.

खिडकीची_सीट:
ओकण्याबद्दल. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि डोळे मोबाईलवर नाहीतर पुस्तकावर असले की ते सांगतात कुठे हलतोय, या भांडणात पोट बिघडतं. साधारण ६ ते १२ या वयात हा त्रास जास्त असतो, पुढे बऱ्याच जणांचा कमी होतो, तेव्हा त्याला ओरडू नका. मागच्या सीटवर जिथनं समोरची काच दिसते तिथं बसवा, पट्टा लावून, आणि लांबचं काहीतरी बघायला लावा. गाडीत मोबाईल बंद म्हणजे बंद. उपाशीपोटी नेऊ नका आणि ठासून भरवूनही नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारूनच, घरातली मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे महाभाग आहेत.

निळी_छत्री:
हरवण्याची भीती योग्यच आहे. चार मोठे असले की जास्त गोंधळ, कारण प्रत्येकाला वाटतं पोरगं दुसऱ्याकडे आहे. आम्ही वाटणी करतो, हे मूल तुझं, ते माझं, आणि सोपवताना तोंडाने बोलायचं "घे, तुझ्याकडे दिली" आणि समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यात, कारण घाबरल्यावर शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. धाकटीच्या दंडावर बॉलपेनने तुमचा नंबर लिहा. कपड्यावर मोठ्या अक्षरात नाव मात्र नको, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि पोरांना तो ओळखीचा वाटतो. हरवलं तर जागचं हलायचं नाही, आणि तुमचं खरं नाव घेऊन ओरडायचं, कारण गर्दीत "आई" म्हटलं तर दहा जणी वळतात. मेट्रोचा नियम घरीच घोकून घ्या: मूल डब्यात राहिलं आणि दार लागलं तर पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच उभं राहायचं, फलाटावर राहिलं तर फलाटावरच. धाकट्या दोघांचा हात मात्र सोडायचाच नाही, त्यांना नियम सांगून उपयोग नाही.

रिकामा_वेळ:
काजवा, एकच ठिकाण ठीक आहे पण १४ वर्षांच्या पोराला धाकटीच्या तालावर दिवसभर फिरवलं तर तो मोबाईल बघणारच की. त्याला काम द्या. नकाशा, गाड्यांच्या वेळा, कुठल्या गेटने बाहेर पडायचं, सगळं त्याच्याकडे, आणि तो चुकीच्या दिशेला निघाला तरी थोडं चालू द्या त्याला. दुपारनंतर सरळ दोन गट करा.

दोन_वेण्या:
धन्यवाद सगळ्यांना, मेट्रोचं तर डोक्यातच आलं नव्हतं. दोन गटांचं जाऊबाईंना पटलंय, पण खरेदी सोडायला त्या तयार नाहीत. आणि थोरल्याला काम सांगितलं तर तो आत्ताच विचारतोय बाग वगळली तर चालेल का.

रिकामा_वेळ:
चालेल की. त्याला आणि अकरावाल्याला दिरांबरोबर पाठवा, धाकट्या दोघांना घेऊन तुम्ही बागेत, आणि खरेदी जाऊबाईंनी एकटीने करायची, पोरं सोबत नसतील तर निम्म्या वेळात होते.

निळी_छत्री:
भेटायची जागा आणि वेळ निघतानाच ठरवा, फोनवर विसंबू नका, संध्याकाळपर्यंत कुणा ना कुणाची बॅटरी जातेच.