रुग्णवाहिकेत सुई टोचते, त्यात दोष कोणाचा?

कोपरीकर : १०८ वरील कर्मचाऱ्यांना सुई टोचते ती हातमोजे घालण्याच्या आळसामुळे, असे येथे एका सदस्याने लिहिले आहे. हे विधान मला अन्यायकारक वाटते. हातमोजा रक्ताचा शिंतोडा अडवतो, सुई नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला गाडी हिंदकळत असताना वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सुई टाकण्याचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा हाताशी नसेल तर ती ठेवायची कुठे? माझ्या भावाला सुई टोचली तेव्हा डबा मागच्या कपाटात होता.

पाचपाखाडी : हातमोजा सुईवरचे रक्त काही अंशी पुसून घेतो, हे आपण सोयीस्करपणे वगळले. मी अपघात विभागात परिचारिका आहे. टोचल्यावर मुले जखम पिळत बसतात आणि कोणाला सांगत नाहीत. जखम साबण-पाण्याने धुवून लगेच कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो काही तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

कोपरीकर : भावाने लगेच कळवले होते. शनिवारी रात्री त्याला ‘सोमवारी या’ असे उत्तर मिळाले. आता बोला.

ऐरोलीची लेक : चालकांविषयी कोणीच बोलत नाही. माझे वडील कंत्राटी चालक आहेत. स्ट्रेचर उचलतात, गाडीतले रक्तही धुतात. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवस तग धरतो. लस न घेतलेल्याला बाधित सुईतून त्याची लागण होण्याचा धोका ६ ते ३० टक्के, तर एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी लसीकरणाची जबाबदारी संस्थेवर टाकली असताना कंत्राटदार म्हणतो, ‘स्वतःच्या खर्चाने घ्या.’

पाचपाखाडी : माणसे चार महिन्यांत काम सोडतात आणि तिसरा डोस सहाव्या महिन्यात असतो, ही अडचणही खरी आहे.

ऐरोलीची लेक : ही अडचण नव्हे, सबब आहे! जो पहिल्या दिवसापासून रक्त पुसतो, त्याला पहिला डोस पहिल्याच दिवशी का मिळू नये?

पाचपाखाडी : आवाज चढवू नका. चालकांच्या लसीपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी, लस लागू पडली का हे कळण्यासाठी, रक्तातील प्रतिपिंडांची तपासणीही झाली पाहिजे, तीही संस्थेच्याच खर्चाने. मात्र हिपॅटायटिस सी वर लसच नाही, त्यामुळे हातमोज्यांचा आग्रह मी सोडणार नाही.

कोपरीकर : हातमोजे घालूच. डबा आधी कपाटातून बाहेर काढून सीटजवळ बसवा.